ओलेत्यानं

त्या रविवारी सकाळी अप्पांनी खळ्यावर वाळत घातलेल्या हळदीतलं एक हळकुंड उचललं, दगडावर आपटून मोडलं आणि तुकडा आईपुढे धरला.

"बघ जरा," ते म्हणाले.

आई नुकतीच देवळातून आली होती. अंगावरचं लुगडं अजून ओलं होतं आणि काठी तिनं भिंतीला टेकवून ठेवली होती. डाव्या डोळ्यावर तळहात धरून तिनं उजव्या डोळ्यानं मोडलेला भाग न्याहाळला, मग नखानं थोडा खरवडला.

"रंग धरलाय," ती म्हणाली. "पर हे वरच्या वरचं हाय. तळातलं आना."

अप्पा निमूट उठले आणि तळातलं आणायला गेले.

"सांगलीच्या पेठेत दलाल उठून उभं ऱ्हात्यात ह्याला बघून," चंद्राआत्या म्हणाली, "आन् हितं बायको माघारी पाठवती."

"माघारी पाठवायला बी कुनीतरी लागतंय, वन्सं."

"तर. तुझंच राज हाय."

चंद्राआत्या अप्पांची थोरली बहीण. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हा ती आष्ट्याला आमच्या घरी आली आणि राहिली. तिची जीभ सगळ्या गल्लीला ठाऊक होती. तिच्या हातची भाकरीही ठाऊक होती, त्यामुळे तिच्यावर कुणी फार दिवस रागावत नसे.

मला दुपारच्या एस.टी.नं साताऱ्याला परतायचं होतं. तिथं मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते, खोली घेऊन राहते. आईनं भडंगाची पुडी बांधली.

"कऱ्हाडच्या आत फोडू नकोस."

"फोडणार."

"पुस्तक वाचत खाती ती," आत्या म्हणाली. "हिच्या पुस्तकाच्या पानापानात तिखट असतंय. शाळेतल्या पोरी शिंकत असतील."

ऊन वर आलं होतं. उन्हात आई उंबऱ्याबाहेर येत नसे, तशी त्या दिवशीही आली नाही. चौकटीला धरून उभी राहिली. मी नमस्कार केला. "सुट्टी लागली की ये," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि निघाले. बस चुकेल म्हणून मागे वळून बघितलं नाही. पुडी इस्लामपूरलाच फोडली.

दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला. जेवताना तिला ठसका लागायचा, तसा लागला होता. घास छातीत गेला असावा, असं नंतर डॉक्टर म्हणाले. तापानं आधी तिची नजर गेली, मग पाय, मग बोलणं. अप्पांनी जीप करून तिला सांगलीला नेलं. शाळेत फोन आला आणि मी पोचले, तेव्हा अप्पा खाटेशेजारी बादलीत चादर बुडवून पिळत होते आणि तिच्या अंगावर घालत होते. चादर कोमट झाली की पुन्हा बुडवायची. नर्सनं त्यांना एकदा बाहेर जायला सांगितलं. ते गेले नाहीत. मी दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघं पिळू लागलो. आईनं माझा हात ओळखला की नाही, मला सांगता येणार नाही. बुधवारी ती गेली.

अप्पा चादर का भिजवत होते, हे घरात अप्पांना आणि मलाच माहीत होतं.

आईचं दुखणं मी मराठी शाळेत होते तेव्हा सुरू झालं, आणि ते हळदीपासूनच सुरू झालं. आमच्याकडे हळद शिजवायची काहील परसात असे. माघ-फाल्गुनात तिच्याखालचा जाळ विझत नसे. हळद शिजली की नाही ते गडी काडी टोचून बघत, पण काहील उतरवायची ती आईनं रंग बघून होकार दिल्यावरच. तिच्या नजरेवर अप्पांचा एवढा भरवसा होता. त्या वर्षी आईनं काहिलीतला एक तुकडा मोडून बघितला आणि म्हणाली, "कच्ची हाय. रंगच न्हाई अजून." पुन्हा जाळ घातला. पुन्हा बघितला. "न्हाई. फिकीच हाय." अप्पांनी आणखी शिजू दिली. वाळल्यावर सगळा घाणा मातकट निघाला, जास्त शिजून गेलेला. चांगली पिवळीजर्द हळद आईला पांढरट दिसली होती. "वैनीला हळद पांढरी दिसती," ही आत्याची म्हण झाली, आणि पुढं अप्पांनी आईला रंग विचारणं सोडून दिलं.

मग पाय. काहिलीजवळ थोडा वेळ बसली की आईचे पाय तिचे राहत नसत. उठताना ती माझ्या खांद्यावर भार टाकी. संध्याकाळी गार झालं की पुन्हा चालू लागे. गावच्या डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शनं दिली. आत्यानं आपल्या परीनं उपचार केले: तेल गरम करून पायांना चोळायची, विटकर तापवून फडक्यात गुंडाळून शेकायची, न्हाणीत कढत पाणी काढून द्यायची. एवढं सगळं ती मनापासून करायची, आणि नेमकी त्यानंतरच आई भिंत धरून चालायची.

"मी हातानं शेकतीया आन् ही आनखी पाय सोडती," आत्या म्हणायची. तिला ते लागायचं. कुणालाही लागलं असतं.

पण सगळ्यांत जास्त बोलणं व्हायचं ते देवळावरून. आईचं व्रत होतं. पहाटे विहिरीवर अंघोळ करायची, गार पाण्यानं, आणि ओल्या लुगड्यातच फडक्यातून गाळलेल्या पाण्याचा कलश भरून अभिषेकासाठी बस्तीत न्यायचा. बस्ती म्हणजे आमचं जैनांचं देऊळ. ओलेत्यानं गेलं की पाणी कुणाच्या शिवाशिवीत येत नाही, म्हणून. थंडीवाऱ्यात, अंगाला लुगडं चिकटलेलं, कमरेवर भरलेला कलश, आणि आई गल्लीतून ताठ चालत जायची. तेच बघणारे तिला दुपारी काहिलीजवळ बसकण मारलेली बघायचे.

"देवाला जाताना पाय येत्यात हिला," आत्या म्हणायची. "कामाला बसलं की जात्यात. लई शहाणं हायत पाय."

आई कलश घासत राही. पहिल्या वर्षी एकदा अप्पांना म्हणाली होती, "मी मुद्दाम करत न्हाई वो." अप्पा जाळ सारत राहिले. मग तिनं पुन्हा तसं म्हटलं नाही.

मी आईच्या मागनं लहान तांब्या घेऊन चालायचे.

मोठी झाले, शिकले, साताऱ्याला नोकरी लागली. दुखणं चढउतार करत राहिलं. एका वर्षी आईचा डावा डोळा पंधरवडाभर पार गेला आणि परत आला. तेव्हा मी हट्ट धरला. शाळेतल्या एका बाईंचे भाऊ मुंबईला मोठ्या इस्पितळात होते, त्यांच्या ओळखीनं आम्ही गेलो. अप्पाही आले.

पहिल्यांदा आईच्या दंडात किरणोत्सर्गी औषध टोचलं आणि तिला एका यंत्राखाली निजवलं. यंत्राचा हात तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे सरकायचा आणि शेजारी कागदावर टकटक ठिपके उमटायचे. ठिपक्यांतून हळूहळू डोक्याचा आकार तयार झाला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला. कुठं गाठ नव्हती, डाग नव्हता.

"चित्र स्वच्छ आहे," ते म्हणाले.

अप्पांना इतकं बरं वाटलं, की ते त्याच दिवशी बातमी घेऊन पुढे गेले. गावी पेढे वाटले. आत्यानं त्यांना काय म्हटलं ते मला नंतर कळलं: "डोकं चांगलं हाय म्हंजी पायबी चांगलंच हायत. ये म्हनावं आता कामाला."

आम्हाला मात्र आणखी एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं होतं. त्यांच्या खोलीबाहेर बाकावर आई आणि मी बसलो होतो.

"राजे," ती म्हणाली, "तुला काय वाटतंय गं?"

"मला वाटून काय उपयोग? मशीनला काय वाटतं ते बघू."

"मशीनला वाटतंय व्हय?" ती हसली, आणि पदर सारखा केला.

डॉक्टरीणबाई गोव्याकडच्या होत्या. त्यांनी आईला एक लाल टोपण दाखवलं, एकदा एका डोळ्यानं, एकदा दुसऱ्या.

"दोन्ही डोळ्यांना सारखंच लाल दिसतं का?"

"ह्या डोळ्याला लाल हाय," आई म्हणाली. "आन् ह्याला धुतलेलं लाल."

बाईंनी लिहून घेतलं. मग पायांचं विचारलं. मी सांगायला लागले, तर त्या म्हणाल्या, "त्यांना सांगू दे. घरचे काय म्हणतात तुमच्या पायांबद्दल?"

"घरचे म्हनत्यात, देवाला जाताना पाय बरे येत्यात."

मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत.

"देवाला कशा जाता?"

"म्हंजी? चालत."

"अंगावर काय असतं? कधी जाता? आधी काय करता?"

आईनं विहीर सांगितली, गार पाणी सांगितलं, ओलं लुगडं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि परत येईपर्यंत लुगडं वाळतं?"

"अर्धंमुर्धं वाळतंय."

"मग येताना कसं चालता?"

हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. "येताना जरा वडत येते," ती म्हणाली. "तवा कोन बघतंय? तवा समदी कामात असत्यात."

बाईंनी समजावून सांगितलं ते मला नीट आठवतं. कागदावरचं ते पहिलं चित्र गाठ दाखवतं; मेंदूचं काम कसं चाललंय, ते त्यात दिसत नाही. ते दुसऱ्या रीतीनं बघावं लागतं. रोगजंतूंशी लढायची शरीराची जी ताकद, ती काही माणसांत उलटते आणि आपल्याच नसांवरचं आवरण खरवडते. आवरण गेलेल्या नसेतून निरोप जातो, पण रखडत. अंग तापलं की जातच नाही. गार झालं की पुन्हा जाऊ लागतो.

"आपलंच आपल्यावर उठतंय?" आईनं विचारलं.

"हो."

"म्हंजी भाऊबंदकी की."

आता बाई हसल्या.

आईच्या केसांत भांग पाडून पाडून तिच्या डोक्याला मागच्या बाजूला तारा चिकटवल्या. समोर टीव्हीसारख्या पडद्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी होत्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या, आणि त्या सारख्या जागा बदलत होत्या. आईनं एक डोळा झाकून नुसतं बघत बसायचं. शेजारच्या लहानशा हिरव्या पडद्यावर एक रेघ थरथरत होती. तिच्यातून हळूहळू एक उंचवटा वर आला.

"ह्यात मी कुठं हाय?" आईनं विचारलं.

"हा उंचवटा," बाई म्हणाल्या. "डोळ्यानं बघितलेलं डोक्याच्या मागं पोचलं की हा उठतो. उजव्या डोळ्याचा इथं आलाय, बरोबर जागी. आता डाव्याचा बघा. पार इकडं सरकलाय. उशिरा पोचतंय."

"पोचतंय न्हवं पर."

"पोचतंय."

मग त्यांनी आईभोवती गरम पाण्याच्या पिशव्या लावून वर घोंगडी पांघरली आणि थांबल्या. आईच्या कपाळावर घाम आला. ती पडद्याकडे बघत होती. "चौकटी पुसल्या," ती हळूच म्हणाली. हिरव्या पडद्यावर उंचवटा खाली बसत गेला आणि रेघ जवळजवळ सपाट झाली. बाईंनी फोटो घेतला. मग पिशव्या काढल्या, आणि गार पाण्यात बुडवलेला पंचा आईच्या अंगाभोवती गुंडाळला. आम्ही वाट बघत बसलो. उंचवटा परत उठला, उशिराचाच, पण उठला. त्याचाही फोटो घेतला. दोन्ही फोटो त्यांनी माझ्या हातात दिले. आजार बरा करणारं औषध त्यांच्याकडे नव्हतं, हे त्यांनी लपवलं नाही. ऊन, जाळ, कढत पाणी टाळा, ताप चढू देऊ नका, अंगावर ओलं घाला, एवढं सांगितलं.

परतताना आईनं फोटो मागून घेतले आणि बराच वेळ दोन्ही शेजारी शेजारी धरून बघितले. मग मला परत दिले.

"हे कुनाला दावायचं न्हाई."

"का? आत्याला तर आधी दाखवायला हवेत."

"तिला तर न्हाईच. लई शेकलंय तिनं मला. कळलं तर अन्न जायचं न्हाई तिला." मग म्हणाली, "आन् माझ्या तोंडानं सांगितलेलं इतकी वर्सं खरं न्हवतं, आन् ह्या कागदानं खरं व्हनार असंल, तर मला नको ते खरं. तू बी बोलू नकोस."

मी बोलले नाही. अप्पांना मात्र काय टाळायचं ते सांगावंच लागलं. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या हंगामात त्यांनी काहील परसातून उचलून मळ्यात नेली. लोकांना सांगितलं, धुराचा त्रास होतो. आणि एका सकाळी, आई देवळातून आल्या आल्या, तिच्यापुढं मोडलेलं हळकुंड धरलं. मधली सगळी वर्षं त्यांनी तिला रंग विचारला नव्हता. आईनं ते हातात घेतलं, डावा डोळा झाकला आणि सांगितलं. त्यानंतर ते रोज विचारत.

आत्याचं म्हणणं, वैनीला मुंबईचं पाणी लागलं. आता शेक नको, कढत पाणी नको, नवरा उठून तळातली हळद आणतो.

आई गेल्यावर बायका भेटायला येत होत्या. सूर्य मावळायच्या आत घरी जाऊन जेवायचं, म्हणून सगळ्या दुपारीच यायच्या. सोप्यात जाजम टाकलं होतं. आत्या मध्ये बसायची आणि मी तिच्या शेजारी. अप्पा बाहेरच्या कट्ट्यावर पुरुषांबरोबर, पण दार उघडंच असायचं.

आत्या रडून रडून थकली होती. आता ती आठवणी सांगत होती, आणि त्यांत आईनं केलेली पुरणपोळी होती, आईची जावांशी झालेली भांडणं होती. बायका हुंकार भरत होत्या. मग ते आलंच.

"आन् पाय," आत्या म्हणाली. "दिसभर पाय न्हाईत म्हनून बसायची. पर पाटंचं वलं लुगडं गुंडाळलं की निघाली तरातरा. मी म्हनायची, वैनी, देवाला फसवतीस की आमाला?" तिनं डोळे पुसले आणि हसली. "नाटकी हुती माझी वैनी. पर लई गोड नाटकी."

बायकाही हसल्या, दुःखाच्या घरात हसतात तशा, तोंडावर पदर धरून.

"देवाचा वढा असतोय एकेकाला," शेजारच्या मनुबाई म्हणाल्या.

"वढा कशाचा? कामाचा कटाळा," आत्या म्हणाली, पण मायेनंच.

कट्ट्यावर अप्पांनी मान वळवली होती. ते आत बघत होते, माझ्याकडे.

फोटो माझ्या पिशवीत होते. पिशवी हाताला लागेल एवढी जवळ होती. ते काढले असते तर बोलायचीही गरज नव्हती; रेघ सपाट, रेघ उठलेली, कुणालाही कळलं असतं. आणि मग आत्याला एवढंही कळलं असतं, की रेघ सपाट कशानं होते. आईनं नको म्हटलं होतं. पण गप्प बसले असते, तर ती गोड नाटकी म्हणूनच या गल्लीत राहिली असती. लोक तिची आठवण काढून असेच हसले असते. माणसाला ढोंगी ठरवणाऱ्या अशा गोष्टी तो गेल्यावर फार टिकतात.

"आत्या," मी म्हणाले, "मी मागनं चालायचे."

"कुनाच्या?"

"आईच्या. देवळात जाताना, तांब्या घेऊन. तुला आठवतं?"

"तर. एवढीशी हुतीस. निम्मं पानी सांडायचीस."

"तिच्या लुगड्याचं पाणी निथळायचं. वाटेवर तिची ओली पावलं उमटायची आणि मी त्यांच्यावर पाय ठेवत चालायचे. खेळ होता माझा. जाताना दोन्ही पावलं नीट असायची. येताना लुगडं वाळत यायचं, पाय तेवढे देवळाच्या पायरीवर धुतलेले. तेव्हा उजवं पाऊल तसंच, आणि डाव्याच्या जागी पाऊल नसायचं. रेघ असायची. जमिनीवरनं ओढत नेलेल्या पायाची. घर जवळ येईल तशी लांब."

मनुबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

"गल्लीत तेव्हा कुणी नसायचं, आत्या. आई पुढं बघून चालायची. मी मागं आहे हेसुद्धा ती विसरायची. ढोंग कुणाला दाखवायला करणार होती ती?"

आत्यानं हातातला पदराचा शेव बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"पर मुंबईला तर समदं चांगलं निघालं म्हनलं हुतं," ती म्हणाली. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "पेढं वाटलं न्हवं का आपन? मग काय सांगितलं त्या मशीननं खरं?"

अप्पा दारात येऊन उभे राहिले होते. मी पिशवी बाजूला सरकवली.

"मशीनचं राहू दे," मी म्हणाले. "मी सांगते. आई खरं सांगत होती. मला लहानपणापासून माहीत होतं."